लाल चिंधीचं गाठोडं

हॉस्पिटलच्या तळघरातल्या धुलाईघरात तिला सगळे भट्टीमावशी म्हणत. मोठ्या डॉक्टरांपासून झाडलोट करणाऱ्या बायांपर्यंत कुणालाही तिचं खरं नाव विचारलं असतं, तर त्याने नुसतं डोकं खाजवलं असतं. तेहेतीस वर्षं ती त्याच तळघरात, त्याच दोन हंड्यांसमोर उभी राहून चादरी उकळत आली होती. हंडे म्हणजे घरातले नव्हेत. एकेका हंड्यात दोन माणसं मांडी घालून बसली असती. खाली जाळ, वर वाफ, आणि मध्ये हातात लांब लाकडी दांडा घेतलेली मावशी.

ती गोड स्वभावाची होती असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तिच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. वॉर्डातल्या एका माणसाने एकदा चुकून स्वतःची चप्पल गाठोड्यात बांधून पाठवली. मावशीने ती चादरींबरोबर दोन तास उकळली, तारेवर वाळवली, घडी घातलेल्या कपड्यांच्या थप्पीवर ठेवली आणि वर पाठवून दिली. पण पांढऱ्या कापडावर तिचा जीव होता. शुभ्र निघालेली चादर दोरीवर चढली की ती दोन पावलं मागं सरून बघत उभी राही. स्वतःच्या मुलाकडे तिने इतक्या कौतुकाने कधी पाहिलं नसेल.

तिला चादर वाचताही येई. कुठल्या पेशंटला रात्रभर झोप नाही, कुणाची जखम चिघळतेय, कोण घरी जाणार आणि कोण नाही, हे तिला डागांवरून कळे. "डॉक्टरला माणूस दोन मिनिटं दिसतो. मला त्याची अख्खी रात्र दिसते," असं ती म्हणायची आणि ते खरं होतं.

या धुलाईघरात एक विचित्र नियम होता. तापाच्या आणि छातीच्या वॉर्डांतली गाठोडी लाल चिंधीने बांधलेली येत. ती दारातून आत आणायची नाहीत. अंगणाच्या बाजूला जमिनीलगत एक खिडकी होती, तिच्यातून ती खाली दगडावर टाकायची. आणि ती कुणी सोडायची नाहीत. दांड्याने ढकलत न्यायची, गाठीसकट हंड्यात लोटायची, दोन तास उकळायची आणि मगच गाठ सोडायची.

ज्याने आयुष्यात एक रुमाल जरी धुतला असेल त्याला कळेल की हा नियम म्हणजे कपड्यांशी वैर आहे. रक्ताचा डाग थंड पाण्यात पाच मिनिटांत सुटतो आणि उकळत्या पाण्यात जन्माचा बसतो. त्यामुळे लाल चिंधीच्या चादरी भट्टीतून निघत त्या तपकिरी नकाशे घेऊनच. शिवाय गाठोडं झटकलेलं नसल्यामुळे त्यात राहिलेलं सगळंच शिजून निघे. चमचे, चष्मे, थर्मामीटर. एका आजोबांची कवळी दोन तास उकळून बाहेर आली ती हसतच. मावशी स्वतःशी चरफडे. पण नियम तिच्या सासूचा होता, आणि सासू मरून नऊ वर्षं झाली तरी तिचा शब्द मोडायची मावशीची हिंमत नव्हती.

सासूला लोक थोरली म्हणत. सत्तर वर्षांपूर्वी या गावात मोठी साथ आली होती, तेव्हा थोरली एकोणीस वर्षांची होती आणि याच तळघरात कामाला होती. त्या वेळी इथे आठ जणी होत्या. साथ ओसरली तेव्हा एकटी थोरली उरली. त्या साथीबद्दल ती कधी बोलत नसे. कुणी विषय काढला की उठून कामाला लागे.

एकदाच बोलली. मावशी नवी होती, हाताला खाज होती. तिने गुपचूप एक लाल गाठोडं सोडलं, चादरी थंड पाण्यात टाकल्या आणि दुधासारख्या पांढऱ्या करून मोठ्या ऐटीने सासूपुढे धरल्या. थोरलीने तीच ओली चादर पिळून तिच्या पाठीत हाणली. मग भट्टीसमोर बसवून तिला सांगितलं.

"आम्ही आठ होतो. सात जणी कामाला वाघ होत्या. मी सगळ्यांत ढ. माझ्या हातून डाग निघायचे नाहीत, म्हणून मला टेबलावर उभं करत नसत. लाकडं सार, राख काढ, एवढंच काम. त्या साती जणी गाठोडी सोडायच्या, झटकायच्या, डाग बघायच्या, पाण्यात टाकायच्या. चांगली धुणारी बाई आधी डाग बघते ना? तेच त्यांना भोवलं. पहिल्यांदा उशीचे अभ्रे यायला लागले. विटकरी डाग, कडेनं गुलाबी. आज अभ्रा झटकला की चौथ्या दिवशी त्या बाईच्या स्वतःच्या उशीवर तसाच डाग. एकेक करून साती गेल्या. मी ढ होते म्हणून राहिले. कळलं?"

मावशीला कळलं. पण सोडलेल्या गाठोड्याचं पुढे काहीच झालं नाही. चौथा दिवस आला, गेला, तिला साधी शिंकसुद्धा आली नाही. तेच वाईट झालं. नियम ती पाळत राहिली, पण त्याच्या कारणावरचा तिचा विश्वास त्या दिवशीच निम्मा उडाला.

गावाचंही तसंच होतं म्हणा. हॉस्पिटलसमोरचा रस्ता एवढ्याशा गावाला न शोभेल इतका रुंद होता, आणि लोक त्याच्यावर फिरायला जात. तिथली दाटीची वस्ती साथीत जाळून टाकली होती म्हणून तो रुंद झाला, हे कुणाच्या गावीही नव्हतं. कोपऱ्यावरच्या जुन्या दुकानाच्या कट्ट्यात एक दगडी वाटी कोरलेली होती. गिऱ्हाइकाने नाणी दुकानदाराच्या हातात न देता त्या वाटीतल्या औषधी पाण्यात टाकायची, अशी तेव्हाची पद्धत. आता दुकानदार तिच्यात रबरबँड ठेवत असे. शाळेच्या वर्गांना एका बाजूने खिडक्यांच्या जागी नुसत्या मोकळ्या कमानी होत्या, वारा खेळावा म्हणून. मुलं थंडीत कुडकुडत आणि पालक त्या इंजिनियरला शिव्या घालत. म्हातारी माणसं एक एक करून गेली आणि त्यांच्याबरोबर कारणं गेली. उरल्या त्या नुसत्या गैरसोयी. गैरसोय कोण किती दिवस सोसणार? त्या वर्षी शाळेच्या कमानींना काचा बसल्या. दवाखान्याच्या बाहेर हात हात अंतराने जमिनीत रोवलेली बाकं उपटून नवी सलग बाकं आली.

आणि धुलाईघरात नवे साहेब आले.

बाया त्यांना चकाचक साहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता, हे आधी सांगून टाकते. आल्या आल्या त्यांनी गळका नळ दुरुस्त केला, बायांना हातमोजे आणि बसायला स्टुलं आणली. मावशीच्या गुडघ्यांना तेहेतीस वर्षांत प्रथमच कुणी विचारलं. मग त्यांनी एक तपकिरी डागांची चादर उजेडात धरली.

"मावशी, हे काय? पेशंटला अशी चादर घातली तर तो डाग बघूनच खचेल. ही गाठोडी आधी सोडत का नाही तुम्ही?"

"नाही सोडत, साहेब."

"पण का? काही कारण असेल ना?"

त्या वेळी मावशीची सून शेजारी उभी होती. हीच ती मुलगी जिच्यासाठी मावशीने दोन वर्षं वरच्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. मुलगा मालट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. चार वर्षांची नात. घरात सून एकटी कुढत बसायची. तिला मावशीने इथे आणलं आणि पोरगी हिरा निघाली. शाईचा, औषधाचा, गंजाचा, कुठलाही डाग तिच्या बोटांपुढे टिकत नसे. साहेबांनी आदल्याच दिवशी म्हटलं होतं, गाठोडी सोडायची झाली तर टेबलावर ही. सुनेचे डोळे नुसते लकाकत होते. आणि खोटं कशाला बोला, मावशीच्या मनातही पांढऱ्या चादरींच्या रांगा फडफडत होत्या.

कारण तिच्या जिभेच्या टोकावर होतं. आठ जणी, विटकरी डाग, चौथा दिवस. पण स्वच्छ शर्टातल्या, चार बुकं शिकलेल्या माणसापुढे ते म्हातारीच्या गोष्टीसारखं वाटलं. हसतील, असं तिला वाटलं.

"कारण असं काही नाही, साहेब," ती म्हणाली. "जुनी पद्धत आहे, एवढंच."

त्या एका वाक्याची शिक्षा तिला झाली आहे, म्हणून मी तिला आणखी काही बोलत नाही.

नवी पद्धत पंधरा दिवसांत रुळली. लाल चिंध्या बंद झाल्या. अंगणाच्या खिडकीवर फळ्या ठोकल्या. गाठोडी आता सगळ्यांसारखी दारातून येत, लांब टेबलावर सुटत. टेबलाला दोघी जणी: सून आणि तिच्या समोर चष्मेवाली, म्हणजे जिला चष्म्याशिवाय गाठसुद्धा दिसत नसे ती. दोघी चादर दोन टोकांना धरून झटकत, डाग बघत, थंड पाण्याच्या टाकीत टाकत, चोळत. मग ती पांढरीशुभ्र चादर भट्टीवर मावशीकडे येई, आणि मावशीने करायचं म्हणून ती फक्त उकळायची. साहेबांनी वरच्या मजल्यावरच्या सिस्टरांना खाली आणून दोरीवरच्या रांगा दाखवल्या. सुनेला सगळ्यांसमोर शाबासकी मिळाली. मावशीचा ऊर भरून आला. घरी जाताना तिने नातीसाठी गोळ्या घेतल्या.

तिच्या लक्षात न आलेली गोष्ट अशी. डाग वाचणारी बाई भट्टीवर होती, आणि तिच्यापर्यंत पोचायच्या आत डाग गेलेला असे.

थंडी सरता सरता गावात सर्दीताप सुरू झाला. हवा बदलली की होतंच, असं लोक म्हणाले. ट्रकवरचा मुलगा फोनवर म्हणाला की पलीकडच्या शहरात म्हणे दोन शाळा बंद आहेत, कशामुळे ते कुणी सांगत नाही. गावातल्या शाळेच्या नव्या काचा आतून दमट दिसायला लागल्या आणि त्यांच्याआड मुलं खोकत होती. वरच्या मजल्यावरून रोज सहा गाठोडी यायची, ती अकरा झाली, मग एकोणीस. सिस्टरांनी तोंडाला फडकी बांधली. विचारलं तर म्हणाल्या, धुळीचा त्रास होतो. मावशीला काहीतरी खटकत होतं. चादरींपेक्षा उशीचे अभ्रे जास्त का येतायत? थंड पाण्याच्या टाकीतून मोरीत सोडलेलं पाणी फिकट गुलाबी का दिसतंय? एकदा तिने टेबलाकडे बघून विचारलंही, "काय गं, रक्ताचं फार आहे का?"

"थोडंफार असतंच की, आई," सून म्हणाली. "पण बघा ना, एकसुद्धा ठेवत नाही मी."

त्या आठवड्यात चष्मेवाली आली नाही. पहिल्या दिवशी बायांनी तिची थट्टा केली, दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याने ताप असल्याचा निरोप पाठवला, तिसऱ्या दिवशी निरोपही आला नाही. एकटीला चादर झटकता येत नाही. म्हणून दुपारी मावशी दांडा भिंतीला टेकवून, हात पुसत टेबलापाशी गेली.

सुनेने नुकतंच एक गाठोडं सोडलं होतं. आठ अभ्रे एकावर एक पडले होते. मावशीने वरचा उचलला.

विटकरी डाग. कडेनं गुलाबी.

तिने दुसरा उचलला. तिसरा. आठही तसेच. थोरलीचा आवाज तिला इतका स्पष्ट ऐकू आला की तिने मागे वळून पाहिलं.

"असे कधीपासून येतायत?"

"असेच तर येतात हल्ली. पंधराएक दिवस झाले," सून हसून म्हणाली आणि टाकीतून एक ओला अभ्रा वर काढून तिच्यासमोर फडकवला. बारीक तुषार दोघींच्या तोंडावर उडाले. "हा सकाळचा. बघा, आहे का कुठं काही? तुम्हालासुद्धा सांगता यायचं नाही डाग कुठं होता ते!"

खरंच सांगता आलं नसतं. मावशीने आयुष्यात इतकं पांढरं कापड पाहिलं नव्हतं. तिने तो अभ्रा सुनेच्या हातातून हिसकावला, तिचा दंड धरला आणि तिला ओढत भट्टीपाशी नेलं.

"आजपासून तू इथं. लाकडं सारायची, राख काढायची. टेबलाकडे फिरकायचं नाही."

"का? मी काय केलं?"

"काही केलं नाहीस. ढ आहेस तू. कळलं? आजपासून तू ढ आहेस."

सून रडायला लागली. मावशीने तिच्याकडे पाहिलं नाही. ती तशीच वर साहेबांकडे गेली आणि या वेळी सगळं सांगितलं. आठ जणी, सात जणी, चौथा दिवस. साहेब हसले नाहीत. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"मावशी, त्या दिवशी मी विचारलं होतं तुम्हाला," ते एवढंच म्हणाले.

त्यांनी मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. नमुने तपासायला बाहेरगावी पाठवलेत, पक्कं काही नाही, उगाच घबराट नको, असं उत्तर आलं. फोन ठेवून साहेब स्वतः खाली उतरले. त्यांनी खिडकीवरच्या फळ्या पहारीने उचकटल्या आणि बायांना टेबलाकडे फिरकू नका म्हणून बजावलं. मावशीने जुन्या लाल घोंगडीच्या चिंध्या फाडायला घेतल्या. संध्याकाळपर्यंत गाठोडी पुन्हा खिडकीतून दगडावर आदळू लागली. त्याच संध्याकाळी चष्मेवाली गेल्याचं कळलं.

मग चार दिवस.

घरात मावशीने सुनेला समोरची खोली दिली आणि नातीला आपल्याजवळ घेतलं. खरं म्हणजे तुषार तिच्याही तोंडावर उडाले होते. पण पंधरा दिवस अभ्रे झटकणारी ती नव्हती, आणि पोरीला तिसरं कुणी नव्हतं. मावशी फडकं बांधून, तोंड फिरवून झोपायची. आता सुनेलाही कारण माहीत होतं. तिचं रडणं, रागावणं सगळं थांबलं होतं. दोघी एकमेकींशी दाराआडून बोलत. मावशी रोज सकाळी विचारायची, "कसं आहे?" आणि सून म्हणायची, "ठणठणीत." मग मावशी सहाला भट्टी पेटवायला निघून जाई, आणि आठला सून येऊन दूर बसून लाकडं सारी. नात तेवढा वेळ साहेबांच्या बायकोच्या नजरेखाली अंगणात खेळे.

गाव तोवर बदललं होतं. बदलायला चार दिवस पुरले. पाव विकणाऱ्याने दाराला टेबल आडवं लावलं. माणसं रस्त्यावर समोरून कुणी आलं की फुटपाथ बदलू लागली. हॉस्पिटलच्या बायांना शेजारणी नळावर पाणी भरू देईनात. एरवी बादली उचलून देणारीच सगळ्यांत आधी ओरडली. गावात येणारे रस्ते बंद झाले आणि मावशीचा मुलगा ट्रकसकट पलीकडे अडकला. रुंद रस्ता रिकामा पडला तेव्हा पहिल्यांदा लोकांना प्रश्न पडला, की हा एवढा रुंद कशासाठी केला असेल.

पहिला दिवस गेला. दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी सून म्हणाली, "आई, मी सुटले बहुतेक," आणि मावशीच्या जिवात जीव आला. तिने नातीला कवटाळायचं ते कवटाळलं नाही, पण तिला चिऊची गोष्ट मात्र दोनदा सांगितली.

चौथ्या दिवशी मावशी नेहमीसारखी सहाला आली, भट्ट्या पेटवल्या, पाणी चढवलं. सकाळी सुनेचं "ठणठणीत" जरा उशिरा आलं होतं, पण आलं होतं. आठ वाजले. दारात पावलं वाजली नाहीत. त्याऐवजी खिडकीतून काहीतरी दगडावर पडलं.

गाठोडं लहान होतं. हॉस्पिटलचं नव्हतं. बारीक निळ्या फुलांचं कापड होतं, मावशीनेच दुकानातून आणलेलं, सुनेच्या लग्नाच्या वर्षी. लाल चिंधीने नीट, घट्ट, दोनदा बांधलेलं.

मावशीने वर पाहिलं. खिडकीपासून चांगली दहा पावलं मागे, अंगणात, सून उभी होती. तोंडाला फडकं. डोळे तापाने लाल.

"सोडू नका, आई," ती म्हणाली. "तसंच घाला."

मावशी खिडकीपाशी सरली.

"पोरीला मी शिवले नाही. ती उठायच्या आत निघाले. साहेबांच्या बायकोला निरोप धाडलाय, त्या लांबूनच बघतायत तिच्याकडे." ती खोकली. खोकून झाल्यावर फडक्यावर हात ठेवून थांबली. "मी वर जाते. चालवतंय तोवर जाते. आई, तुम्ही वर येऊ नका हं. ढ आहात तुम्ही. भट्टीवरच राहा."

आणि ती वळून वॉर्डाच्या जिन्याकडे चालू लागली. मावशी पायऱ्यांपर्यंत धावली आणि तिथेच थांबली. नातीचं कुणी उरायला हवं होतं.

मग ती त्या गाठोड्यासमोर येऊन उभी राहिली. हातात दांडा होता. आत काय असेल? पोरीने घाबरून उगीच बांधलं असेल. कदाचित चहा सांडला असेल. कदाचित दात दुखला असेल आणि हिरडीतून रक्त आलं असेल. रक्त असलं तरी लाल असेल, विटकरी नसेल. एक गाठ सोडायची, एकदाच बघायचं. थंड पाण्याची टाकी चार पावलांवर होती. असला डाग, तर पाच मिनिटांत निघेल, आणि तो कधी पडलाच नव्हता असं होईल. तिची बोटं खरंच पुढे गेली. चिंधीला लागली सुद्धा.

सुनेने गाठ अशी मारली होती की सहज सुटू नये. मावशी तिला ओळखत होती तशी तीही मावशीला ओळखत होती.

मावशीने बोटं मागे घेतली, साबणाने हात कोपरापर्यंत धुतले, दांड्याने गाठोडं पुढे ढकललं आणि हंड्यात लोटलं. ते बुडालं, फुगून वर आलं, पुन्हा बुडालं. दोन तास ती तिथून हलली नाही. त्या दिवशी जाळ तिने जरा जास्तच घातला. रडायचं तेवढं ती रडली, मोठ्याने, हातातलं काम न थांबवता.

दोन तासांनी तिने गाठोडं बाहेर काढलं आणि चिंधी कापली. आत एकच अभ्रा होता. मधोमध तळहाताएवढा डाग. उकळून तपकिरी झालेला, कायमचा बसलेला.

सून सहाव्या दिवशी गेली. साथ उन्हाळ्यापर्यंत चालली आणि गावातली दर दहावी चूल विझवून गेली. धुलाईघरातल्या बाकीच्या बाया राहिल्या. मावशीही राहिली. ते कसं, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

आता शाळेच्या कमानींच्या काचा काढून मागच्या व्हरांड्यात रचून ठेवल्या आहेत. फेकलेल्या नाहीत, हे मावशीने पाहून ठेवलं आहे. दुकानदाराने वाटीतले रबरबँड काढून औषधी पाणी भरलंय. दवाखान्याची बाकं पुन्हा हात हात अंतरावर गेली. लोक म्हणतात, आता आम्ही शहाणे झालो. हे शहाणपण किती वर्षं टिकतं ते तिच्या घराने मोजलेलं आहे.

टेबलाच्या वरच्या खिळ्यावर निळ्या फुलांचा एक अभ्रा टांगलेला आहे. मध्येच कुणी नवे साहेब येतात, म्हणतात हे फडकं काढा, बरं दिसत नाही. कुणी नवी बाई येते आणि लाल गाठोड्याकडे बघून विचारते, हे सोडत का नाही? मग मावशी दांडा भिंतीला टेकवते. समोरच्याला स्टुलावर बसवते आणि आठ जणींपासून सुरुवात करते. ऐकणारा घड्याळाकडे बघो, हसो, चुळबुळ करो. पुरतं सांगून झाल्याशिवाय ती कुणालाही उठू देत नाही.